चुकीच्या गठ्ठ्यातले चार फॉर्म

४ सप्टेंबर

वन्सं,

नमस्कार. बोलतेय मी, लिहितेय सूनबाई. मध्येच एखादं शहाणपणाचं वाक्य आलं तर ते तिनं घुसडलंय असं समजा.

(एकही शब्द घुसडत नाही, आत्या. उलट दोन गाळलेत. — सून)

बघा, हे असं. आता कामाचं. मुख्य कचेरीचं पत्र आलंय. आमच्या सेवा क्लबात बारा माणसं नसतील तर क्लब बंद, सामान सगळं तुमच्या क्लबाकडे, आणि आम्ही हात हलवत घरी. बारा ऑक्टोबरला गणती. ती करायला कोण येणार? तर आमच्याच वन्सं! नाव ऐकलं आणि मला हसूच आलं. मी नवी नवरी होते तेव्हा माझी पेटी उघडून तुम्ही रुमालसुद्धा मोजले होते.

आम्ही आहोत आठ. त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही, एकीला जिना चढवत नाही, आणि मास्तर आहेत ते दर बैठकीत राजीनामा देतात. एका घरातून एकच सभासद असा तुमचा नियम, नाहीतर सूनबाईला केव्हाच ओढली असती.

चेष्टा पुरे. तुमचे भाऊ सात महिने अंथरुणावर होते. दवाखान्यातून घरी आणलं त्या दुपारी त्यांना पाठ टेकवत नव्हती, बसवत नव्हतं, काही सुचत नव्हतं. ऊन उतरायच्या आत दोन अनोळखी माणसं लोखंडी कॉट खांद्यावर घेऊन दोन जिने चढून आली. हँडल फिरवलं, डोक्याकडची बाजू वर केली, आणि हे म्हणाले, ‘आता खिडकी दिसते.’ ती कॉट याच क्लबाची. आज ती शिंप्याकडे आहे, त्याचं कमरेचं हाड मोडलंय. उद्या ती तुमच्या गावाहून यायची म्हणजे अर्ज, शिक्का, गाडी, आठ दिवस. आठ दिवस माणसानं पाठ कुठं टेकवायची?

म्हणून विचारते. तुमच्याकडे साठ सभासद, मला चार मिळेनात. कशी धरता हो माणसं?

तुमची वहिनी


९ सप्टेंबर

ती. वहिनींस,

नमस्कार. रुमाल मी मोजले नव्हते, आईने मोजायला लावले होते. पन्नास वर्षांनी हा खुलासा करावा लागतो आहे.

गणती मी नियमाने करणार. नात्याचा उपयोग होणार नाही, हे आधीच लिहून ठेवते. शाळेत शिकवत होते तेव्हाही मुलींना उत्तीर्ण करताना मी कुणाचे घराणे पाहिले नाही.

सोबत छापील फॉर्मचे दोन गठ्ठे पाठवते. दोन्ही फॉर्म मीच तयार केले आहेत. वरचा गठ्ठा सभासद होऊ इच्छिणाऱ्यांसाठी, खालचा ज्यांना क्लबाकडून मदत हवी आहे त्यांच्यासाठी. माणसे समर्थ निवडा. वेळ, वाहन किंवा वजन यांपैकी काहीतरी असलेली. गयावया करू नका. फॉर्म हातात द्यायचा, दोन दिवस विचार करू द्यायचा, परत घ्यायचा. भरलेले फॉर्म गणतीच्या चार दिवस आधी माझ्याकडे हवेत. आमचे साठ याच पद्धतीने झाले.

कॉटचे मला आठवते. खिडकीचे तुम्ही कधी सांगितले नव्हते.

आपली,
नणंद


१८ सप्टेंबर

वन्सं,

चार धरले!

पुडकं आलं तेव्हा सूनबाई तिच्या औषधाच्या दुकानात कामावर. मीच दोरी कापली, तर दोन्ही गठ्ठे घरभर. पण घाबरू नका, मी बरोबर ओळखले. एका फॉर्मवर तीनच ओळी आणि खाली सहीची रेघ. दुसऱ्यावर खाली ही एवढी लांब रिकामी जागा. म्हटलं, मदत हवी असलेला माणूस काय लिहिणार? नाव आणि पत्ता. लिहायला जागा लागते ती सभासदाला. मी असं करीन, मी तसं करीन, माझ्यामुळेच क्लब चाललाय. सभासदांना बोलायला किती लागतं ते मी बैठकीत बघतेच की. म्हणून लांब जागेचे घेऊन निघाले. सूनबाईची वाट बघत बसले असते तर निम्मा दिवस गेला असता.

पहिला धरला दातांचा डॉक्टर. दाढा उपटून उपटून दंड असे झालेत की कॉट एकटा उचलेल. त्यानं फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला. म्हणाला, ‘आजी, तुम्हाला कुणी सांगितलं?’ म्हटलं, ‘सांगायला कशाला हवं? तुमच्याकडे बघितलं की कळतं.’ तर चष्मा काढून पुसत बसला. भलताच हळवा निघाला.

दुसरी मोटार शिकवणारी बाई. स्वतःची गाडी आहे, दिवसभर रस्त्यावर. ‘असं मागायचं म्हणजे...’ म्हणाली. म्हटलं, ‘न मागता कसं मिळेल? सही करा.’ मला वाटलं, सभासदत्व मागायला लाजतेय.

तिसरे पाणीखात्यातले निवृत्त साहेब. नाकावर माशी बसू देत नाहीत. फॉर्म लांब धरला आणि म्हणाले, ‘ठेवा, बघतो.’ दुसऱ्या दिवशी स्वतः दारात उभे, हातात घडी घातलेला फॉर्म. चौथा लोखंडी सामानाचा दुकानदार, खिळे-स्क्रू-बिजागऱ्यावाला. त्यानं एवढंच विचारलं, ‘कुणी वाचणार नाही ना?’ म्हटलं, ‘माझ्या घरात तर कुणी नाही.’

शब्द दिला म्हणून पाकीट मीच चिकटवलं. पत्ता तेवढा सूनबाईनं घातलाय.

(लांब जागेचं ऐकल्यावर मी म्हटलं, एक फॉर्म दाखवा बघू. तर डिंक वाळलेला होता. — सून)

आठ आणि चार किती होतात ते मला येतं. या मोजायला!

तुमची वहिनी


२२ सप्टेंबर

ती. वहिनींस,

सूनबाई, हे पत्र वाचून दाखवण्याआधी दार लावून घे.

वहिनी, तुम्ही चुकीचा गठ्ठा वाटलात. त्या लांब रिकाम्या जागेवर छापले आहे, ‘आपली अडचण थोडक्यात लिहा.’ तुम्ही त्या चौघांना सभासद व्हा असे म्हटलेच नाही. तुम्हाला काय कमी आहे, असे विचारलेत. आणि त्यांनी सांगितले.

पाकिटात सभासदांचे फॉर्म आहेत असे समजून मी वाचले. आता ते न वाचल्यासारखे होणार नाही.

डॉक्टरांनी लिहिले आहे, ‘दवाखाना बंद केला की घरी जाववत नाही. गाडीत बसून राहतो. तासभर पत्ते खेळायला कुणी मिळेल का?’ मोटार शिकवणाऱ्या बाईंनी, ‘आई तीन वर्षे अंथरुणावर आहे. दोन तास कुणी तिच्याजवळ बसले तर मी केस कापून येईन.’ साहेबांच्या ओळी छापील अक्षरांवर चढल्या आहेत, एक ओळ कागदाबाहेर गेली आहे. ‘मला आता जवळजवळ दिसत नाही. घरात कुणाला माहीत नाही.’ दुकानदारांचे एकच वाक्य आहे. ‘मुलगा याच दुकानात माझ्याशेजारी बसतो, चार वर्षे माझ्याशी बोललेला नाही.’

फॉर्म परत पाठवते. नियमाने हे सभासद नाहीत. तुम्ही आठच आहात. गणती पुढे ढकलता येते का, विचारून पाहिले. येत नाही.

आणखी एक. आमच्या क्लबात हा खालचा गठ्ठा दरवर्षी जसाच्या तसा परत येतो. गावात कुणालाही अडचण नाही, असे मी अहवालात लिहीत आले आहे.

आपली,
नणंद


५ ऑक्टोबर

वन्सं,

सूनबाईनं दार लावून वाचलं. दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही.

(आत्या, मी डॉक्टरला बोलवणार होते, दातांच्या नाही, दुसऱ्या. — सून)

डोक्यात एकच घुमत होतं. ‘बघितलं की कळतं’ असं मी ठणकावून सांगून आले होते. आणि मला कळलं होतं काय? त्याचे दंड!

तिसऱ्या दिवशी चारही फॉर्म पिशवीत टाकले आणि निघाले. डॉक्टरला वाटलं माझा दात दुखतोय. मला खुर्चीत आडवं केलं, वर दिवा लावला. त्या दिव्याखाली मी सांगितलं, ‘बाबा रे, माझी चूक झाली. मी द्यायला आले नव्हते, मागायला आले होते. कॉट उचलायला माणूस हवा होता.’ तो इतका हसला की बाहेर बसलेली बाई आत डोकावली. म्हणाला, ‘आजी, मी रोज आरशात बघतोय, माझ्या तोंडावर असं काय दिसतं म्हणून!’ मग म्हणाला, ‘कॉट उचलतो. पत्त्यांचं काय?’

या वेळी मी शहाणी झाले होते. कुणाचं कुणाला सांगितलं नाही. मोटारवाल्या बाईंची आधी माफी मागितली आणि मग नुसतं विचारलं, ‘तुमच्या आईला पत्ते येतात का?’ म्हणाली, ‘येतात? लबाडी करते ती!’ झालं. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. पहिल्या दिवशी सहा डाव हरला. म्हातारी आता विचारते, दातवाला अजून कसा आला नाही. आणि बाईंनी केस एवढे कापून घेतले की रस्त्यात मी तिला ओळखलंच नाही. परवा शिंप्याकडे हवेची गादी तिच्या गाडीतून पोचवली. चालवत होता तिचा एक शिकाऊ. तीन चौक पार करायला अर्धा तास लागला, पण गादी पोचली आणि त्याला गाडी मागे घेणंही जमलं.

साहेब दारातच. ‘कुणाकुणाला सांगितलंत?’ मी खरं ते सांगितलं. ‘नणंदेनं वाचलं, सुनेनं मला वाचून दाखवलं. मला वाचता येत नाही.’ ‘म्हणजे?’ ‘म्हणजे साहेब, तुम्हाला दिसत नाही म्हणून कळत नाही, मला दिसतं आणि तरी कळत नाही.’ ते दारातून बाजूला झाले. ‘या आत.’ टेबलावर पेपर, नीट घडी घातलेला, कुणी उघडलेलाच नाही. आता आमचे मास्तर रोज सकाळी तो वाचून दाखवतात. स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून ओरडून वाचतात, अख्ख्या आळीला बातम्या कळतात. दोन बैठका झाल्या, राजीनामा द्यायला त्यांना सवडच मिळाली नाही. आणि साहेब काय करतात माहितेय? मोडलेले वॉकर नुसते हातांनी चाचपून दुरुस्त करतात. ‘पाना द्या’ म्हणतात आणि हात पुढे करतात. बायकोलाही त्यांनी सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘मला कधीचं माहीत आहे. तुम्ही केव्हा सांगताय याची वाट बघत होते.’

राहिला दुकानदार. फॉर्म त्याच्या हातात दिला. त्यानं विचारलं, ‘वाचला कुणी?’ मी हो म्हटलं. त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं, मी बाहेर, तो आत. मुलगा शेजारी बसूनच होता. त्या माणसाचं बरोबर होतं, वन्सं. मी शब्द दिला होता. ज्या दिवशी त्याच्या दुकानावरून जाते त्या दिवशी तो मान फिरवतो आणि मी तरी नमस्कार करते.

तीन फॉर्म पाठवते, या वेळी तोकड्या जागेचे. सूनबाईनं दोनदा तपासलेत. आणखी सहा घरी जाऊन आले; वेळ नाही, वेळ नाही, वेळ नाही. म्हणजे आम्ही अकरा. तुम्ही कशा मोजता ते मला ठाऊक आहे.

तुमची वहिनी


१४ ऑक्टोबर

ती. वहिनींस,

गणतीचा अहवाल पाठवला. अकरा लिहिले. डॉक्टर म्हणत होते की त्यांचे वजन पाहता त्यांना दोन धरावे. मास्तरांनी वर्षभरात दिलेले राजीनामे मोजले तर उलट एकही सभासद उरत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आले नाही.

मी तुमच्याकडे न बघता अकरा म्हटले. तुम्ही चहाचा कप पुढे केलात. परत येताना वाटभर मला वाटत होते की तुम्ही बोलायला हवे होते. शाळेत असताना नापास झालेल्या मुली निदान रडायच्या तरी.

दोन नोव्हेंबरला मुख्य कचेरीची गाडी सामान न्यायला येईल. नियमांचे पुस्तक सोबत आहे. सूनबाईंनी सातवा नियम तुम्हाला वाचून दाखवावा. दोनदा. निरीक्षक म्हणून यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

आपली,
नणंद


२ नोव्हेंबर

वन्सं,

अकरा होते, अकरा म्हटलंत. बारा म्हटलं असतंत तर ही बाई आमच्या वन्सं नव्हेत म्हणून मी चिमटा काढून बघितला असता. बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते. रडायचं तर तुमच्यासमोर कशाला?

सातवा नियम सूनबाईनं दोनदा नाही, चारदा वाचला. रुग्णाकडे असलेली वस्तू गरज संपेपर्यंत परत मागवू नये, आणि वस्तू बाहेर आहेत तोवर क्लब बंद झाला असं धरू नये. वन्सं, हे तुम्हीच लिहिलेलं ना? वाक्याला इस्त्री केलेली दिसते.

मग मी लांब जागेचे उरलेले फॉर्म काढले. या वेळी कुठला गठ्ठा आहे ते ठाऊक असून काढले. सभासद व्हा म्हटलं की माणसं घड्याळ बघतात. तुम्हाला काय कमी आहे विचारलं की आधी दार लावतात आणि मग खुर्ची पुढे करतात. अठरा दिवस आम्ही अकराजण घरोघर फिरलो. एक वस्तू खोटी दिलेली नाही, हवी तर येऊन तपासा. रंगारी शिडीवरून पडला होता आणि दोन काठ्या बांधून चालत होता, त्याला कुबड्या. चाकाची खुर्ची मोटारवाल्या बाईंच्या आईला. ती आता अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला डाव खेळायला बोलावते. दोन वॉकर दोन सख्ख्या शेजारणींना. दोघी भिंत धरून चालायच्या आणि एकमेकींना कळू देत नव्हत्या. कॉट आणि गादी शिंप्याकडे आहेतच. सगळं सामान इतक्या जवळ हवं होतं, आणि आम्ही ते क्लबाच्या खोलीत पुसून ठेवत होतो.

आज गाडी आली. ड्रायव्हरनं यादी काढली, खोलीत डोकावला, यादीकडे बघितलं. ‘आजी, सामान?’ म्हटलं, ‘कामावर गेलंय.’ फॉर्म दाखवले, खालची लांब जागा हातानं झाकून; त्यानं एकेक नाव वाचलं. चांगला माणूस. पण नजर तीक्ष्ण. म्हणाला, ‘दाराआड एक वॉकर आहे.’

म्हटलं, ‘तोही दिलेला आहे. न्यायचाय फक्त. तुमच्या वाटेवरच घर आहे.’

वन्सं, गणतीच्या दिवशी आमच्या खोलीच्या तीन पायऱ्या तुम्ही कशा चढलात ते मी बघितलं. कठडा दोन्ही हातांनी, दर पायरीला तोच पाय पुढे, आणि वर आल्यावर वही उघडून उगाच काहीतरी शोधत उभ्या राहिलात, धाप जाईपर्यंत. डॉक्टरच्या वेळी चुकले, या वेळी चुकले नाही. हे पत्र आणि फॉर्म ड्रायव्हरच्याच हाती पाठवतेय; नाव आणि पत्ता सूनबाईनं घातलाय. लांब जागा तुमची तुम्ही भरा. नको असेल तर वॉकर परत पाठवा, मग ती गाडी तो तुमच्या क्लबात नेऊन ठेवील. तुम्हीच ठरवा.

तुमची वहिनी


१० नोव्हेंबर

वहिनी,

ड्रायव्हरनं वॉकर दारात आणून ठेवला आणि म्हणाला, ‘आजींनी सांगितलंय, सही घेतल्याशिवाय हलू नका.’ मी त्याला अर्धा तास उभा केला. तीस वर्षं मी तो फॉर्म दुसऱ्यांसाठी छापते आहे, भरायला इतका वेळ लागतो हे माहीत नव्हतं.

सोबत जोडला आहे. सूनबाईंनी वाचून दाखवावा. दार उघडं असलं तरी चालेल.

‘आपली अडचण थोडक्यात लिहा: गुडघे. उन्हाळ्यापासून. आमच्या बैठकीला साठांपैकी तिघंजण येतात, बाकीचे भिंतीवरच्या यादीत असतात. त्या तिघांना मी हे सांगितलेलं नाही, कारण बैठकीत मी अडचणी विचारते, सांगत नाही. माझ्या भावाला खिडकी दिसली, हे पन्नास मैलांवर राहून मला इतक्या वर्षांनी पत्रातून कळलं. तेव्हा मी आठ दिवस येऊन राहायला हवं होतं. रजा मिळत नाही असं कळवलं होतं. मागितली नव्हती.’

जागा संपली, नाहीतर आणखी होतं.

आता नियमाचं. तिसरा नियम असा आहे की एक माणूस एकाच क्लबाचं सभासद असावं. पहिला क्लब सोडायचा तर महिनाभर आधी लेखी कळवावं लागतं. मी काल कळवलं. तोवर वॉकर माझ्याकडे आहे, म्हणजे तुमचा क्लब बंद झाला असं कुणाला धरता येणार नाही. पंधरा डिसेंबरला मी तुमची बारावी सभासद म्हणून येते; घर माझं वेगळं, त्यामुळे एका घरातून एकच हा नियम आड येत नाही. मास्तरांच्या शेजारी बसवू नका.

एक अडचण होईल. स्वतःची गणती स्वतः करता येत नाही, त्यामुळे त्या दिवशीच्या फेरगणतीला मुख्य कचेरी दुसरा निरीक्षक पाठवेल. नवा आहे, फार कडक आहे असं ऐकते. त्याला बसवून ठेवा आणि चहा द्या. तीन पायऱ्या चढायला मला वेळ लागेल, पण तोवर त्याला अकरावर थांबू देऊ नका.

तुमची,
वन्सं